पाण्याला पडलेली खळी

खळी अगदी एवढीशी होती, शर्टाच्या बटणाएवढी. मुलांच्या तलावाच्या पलीकडच्या कोपऱ्यात पाणी एका जागी जरासं आत ओढल्यासारखं दिसत होतं, आणि पोहायला शिकताना धरायच्या फोमच्या पाटीचा तुटलेला एक निळा तुकडा तिथे स्वतःभोवती फिरत होता. पुढे सरकत नव्हता, मागे येत नव्हता. नुसता फिरत होता.

ती काठावर गुडघे टेकून लेकीची वेणी घालत होती. वेणीचा तिसरा पेड हातातच राहिला.

"आई, ओढतेयस," टिल्ली म्हणाली.

"थांब जरा."

"मी थांबलेच आहे. तूच थांबलीयेस."

टिल्लीचे केस कंबरेपर्यंत होते आणि ते कापायचा विषय निघाला की घरात दोन दिवस अबोला चालायचा. पोहायची टोपी सकाळी ताणताना फाटली होती. तलावाच्या ऑफिसात टोपी विकत मिळेल म्हणून आल्या आल्या विचारलं, तर फक्त मोठ्यांच्या मापाच्या होत्या.

"वेणी घट्ट घाल म्हणजे झालं," बाकावरून सासूबाई म्हणाल्या. त्यांनी टॉवेल, साबण, बिस्किटं असं सगळं पिशवीतून काढून ओळीनं मांडलं होतं. "आणि तू नीघ आता. तिथे घामाघूम होऊन पोहोचू नकोस. मी बसलेय ना इथे डोळ्यांत तेल घालून."

मुलाखत समोरच्याच इमारतीत होती, रस्ता ओलांडला की वरच्या मजल्यावर. तलाव विद्यापीठाचा, म्हणून कर्मचाऱ्यांच्या मुलांना फी कमी. ती कर्मचारी होती खरी, पण कंत्राटी. एक कंत्राट संपलं की दुसरं मिळेपर्यंत जीव टांगणीला, आणि मिळालं की पुढचं संपायची धास्ती. आज पहिल्यांदा कायमच्या जागेसाठी बोलावलं होतं. ही जागा हुकली तर पुढच्या वेळी वयाची अट आडवी येणार होती, आणि प्रयोगशाळेतली तिची काचेची टाकी अडगळ म्हणून बाहेर काढायची हे विभागात आधीच ठरल्यासारखं होतं.

त्या टाकीत ती अशाच खळ्या पाडायची.

लोकांना समुद्र आवडतो, नदी आवडते. तिला लहानपणापासून पाणी कुठूनतरी निघून जाताना बघायला आवडायचं. बेसिनमधलं पाणी उतरताना शेवटी जो भोवरा व्हायचा, तो बघायला ती बेसिन पुन्हा पुन्हा भरायची आणि बोलणी खायची. पुढे कॉलेजात कळलं की याच गोष्टीपायी मोठमोठे पंप बंद पडतात. पाणी ओढून घेणारं तोंड पुरेसं खोल नसलं की वर आधी खळी पडते, खळीची शेपटी होते, शेपटी खाली पोहोचली की पंप पाण्याबरोबर हवा गिळायला लागतो. तोंड किती खोल असलं म्हणजे वरचं पाणी सपाट राहील, एवढ्याच प्रश्नावर तिनं पीएच.डी. केली. शाईचे थेंब सोडले, दोऱ्याचे तुकडे सोडले, पंचिंग मशीनमधून पडलेल्या कागदाच्या टिकल्या सोडल्या. आताचे तिचे विद्यार्थी तिला पाठीमागे 'भोवरा मॅडम' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. त्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, भोवरा दिसला की आधी दिशा टिपा. डावीकडून फिरतोय की उजवीकडून. बाकीचं सगळं नंतर.

एवढं सगळं होऊन तिला पोहता येत नव्हतं. "हिला पाण्याचं सगळं कळतं," सासूबाई पाहुण्यांना सांगत, "फक्त पाण्यात पडायचं नाही."

तिनं वेणीला रबर गुंडाळलं आणि शिकवणाऱ्या सरांकडे गेली. सर म्हणजे रुंद खांद्यांचा, गळ्यात शिट्टी अडकवलेला हसतमुख माणूस. मुलांना तो फार आवडायचा.

"सर, त्या कोपऱ्यात पाणी ओढलं जातंय. तळाच्या तोंडावरचं जाळीचं झाकण बघितलंत का?"

"कालच बघितलं, ताई."

"नाही, म्हणजे तिथे खळी पडलीय. तो निळा तुकडा बघा."

सरांनी डोळे बारीक करून बघितलं. "मोठ्या मुलांची बॅच सुटलीय ना. पंचवीस जणांनी घुसळल्यावर पाणी फिरणारच थोडा वेळ." मग समजुतीच्या सुरात, "ताई, झाकणाचे स्क्रू मी स्वतः आवळलेत. तुम्ही मागे म्हणाला होतात ना, तेव्हाच."

ती मागे म्हणाली होती खरी. क्लोरीनबद्दलही म्हणाली होती. पाण्याच्या तापमानाबद्दल, पायऱ्यांवरच्या शेवाळाबद्दल आणि मागच्या महिन्यात, रिंगा नेहमी एकाच कोपऱ्यात का जातात, त्याबद्दल. क्लासच्या शेवटी सर रंगीत रिंगा पाण्यात टाकत आणि शिट्टी वाजली की मुलं बुडी मारून त्या वर आणत. सगळ्या रिंगा घरंगळत त्या कोपऱ्यात जात. "तळाला उतार आहे, ताई," सर म्हणाले होते, आणि उतार होताच. तिचा नवरा कामानिमित्त परगावी असायचा, तो फोनवर हसला होता. "तू पीएच.डी. नक्की कशात केलीस? काळजी करण्यात ना?"

घुसळलेलं पाणी काही वेळ फिरत राहतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाण्याला आठवण असते, असं ती वर्गात सांगायची. ती मान डोलावून निघाली. दारातून मागे वळून बघितलं तर टिल्ली पायऱ्यांवर बसून पायांनी पाणी उडवत होती आणि निळा तुकडा तसाच फिरत होता.

खोलीत तिघं होते. विभागप्रमुख, कागद सांभाळणारी प्रशासनाची बाई आणि बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ. तज्ज्ञांची बरीच ख्याती तिच्या कानावर होती. उमेदवार बोलत असताना ते खिडकीबाहेर बघतात, आणि तो थांबला की नेमकं त्यानं टाळलेलं विचारतात. आत्ताही ते खिडकीबाहेरच बघत होते. केस पिकलेले, कोटाचं एक बटण तुटलेलं, समोरचा चहा तसाच.

"मधली दोन वर्षं रिकामी दिसतात," प्रशासनाच्या बाईनं सुरुवात केली.

"मुलगी झाली."

"त्या काळात संशोधन?"

"तिची आंघोळ," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. विभागप्रमुखांच्या कपाळावर आठी आली. तज्ज्ञांच्या ओठाचा कोपरा मात्र हलल्यासारखा वाटला.

तिनं सादरीकरण सुरू केलं. आवाज पहिल्या दोन स्लाईडांपर्यंत कापत होता, मग टाकीचं चित्र आलं आणि आपोआप स्थिरावला. तोंड किती मोठं, पाणी किती जोरानं ओढलं जातंय, वर पाणी किती. या तिन्हींतून तिनं एक मर्यादा बांधली होती. मर्यादेच्या आत पाणी सपाट. बाहेर गेलं की आधी खळी, मग शेपटी, मग हवा.

"आणि मुळात फिरत असलेलं पाणी?" विभागप्रमुखांनी विचारलं. त्यांना हा प्रश्न तिनेच मागे एकदा समजावून दिला होता. "नदीचं वळण असेल, किंवा आधी कुणी ढवळलं असेल?"

"ते पुढच्या स्लाईडवर आहे, सर." उतरत जाणारी रेघ पडद्यावर आली. "नुसतं ढवळून सोडलेलं पाणी लवकर थकतं. एवढ्या आकाराच्या टाकीत काही मिनिटांत फिरणं इतकं मंदावतं की खळी टिकत नाही. नंतरही खळी दिसली, तर ती ढवळण्याची नाही. ती ओढीची."

तज्ज्ञ खिडकीकडून वळले. "हे सगळं टाकीत," ते म्हणाले. आवाज कोरडा होता, वाईट नव्हता. "काच, शाई, टिकल्या. छान आहे. टाकीबाहेर काय?"

या प्रश्नाची तयारी तिनं केली होती. पाणीपुरवठ्याच्या पंपघराचं उदाहरण, त्याची तीन चित्रं, सगळं पुढे रांगेत होतं. तिनं बटण दाबलं आणि चुकून एक स्लाईड मागे गेली. पडद्यावर टाकीचा वरून काढलेला फोटो आला. सपाट पाणी, त्यात एक खळी, खळीवर कागदाची टिकली.

काही मिनिटांत, असं ती आत्ताच म्हणाली होती.

मोठ्या मुलांची बॅच सुटून किती वेळ झाला होता? सर म्हणाले, सुटलीय. पण ओलेत्या पंचवीस जणांपैकी एकही तिला दारात भेटला नव्हता. कपडे बदलायच्या खोलीतून आवाज नव्हता. आणि ती तर काठावर गुडघे टेकून बसली होती.

तिनं मान खाली घालून गुडघ्यांकडे पाहिलं. करड्या रंगाची इस्त्रीची पँट. गुडघ्यांवर एक थेंबही नाही. डाग नाही, सुकल्याची कडही नाही. काठ कोरडा ठणठणीत होता. त्या तलावात आज टिल्लीच्या बॅचच्या आधी कुणी उतरलंच नव्हतं.



"मॅडम?" विभागप्रमुख म्हणाले.

"मला पाच मिनिटं हवीत."

"आत्ता? पाणी हवंय का?"

"नाही सर. माझी मुलगी समोरच्या तलावात आहे." याच्यापुढचं वाक्य शहाण्यासारखं करायचा तिनं प्रयत्न केला, पण ते तसं होईना. "तिथे खळी पडलीय. पाणी कुणी ढवळलेलं नसताना पडलीय."

प्रशासनाच्या बाईनं पेन खाली ठेवलं. "मुलाखत मध्येच सोडता येत नाही. तशी नोंद करावी लागेल मला."

"करा," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. दार ओढून बाहेर आली.

जिन्यावरून उतरता उतरता तिनं सासूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. काठावर फोन न्यायला बंदी होती, मुलांचे फोटो कुणी काढू नयेत म्हणून. तो नियम व्हावा म्हणून सही करणाऱ्यांत पहिली सही तिचीच होती. मग तलावाच्या ऑफिसात लावला.

"मॅडम, तुम्हीच का," ऑफिसातली मुलगी म्हणाली. "पाण्याचं तापमान आज बरोबर आहे हो. मी स्वतः बघितलं."

"तापमान नाही. सरांना सांगा, मुलांना वर काढा. रिंगा टाकू नका. पंप बंद करा."

"पंप?" पलीकडे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज. "पंपवाले चहाला गेलेत. आले की सांगते, चालेल ना?"

"आत्ता सांगा. सरांना आत्ता सांगा."

"सांगते, सांगते," ती मुलगी म्हणाली. घाबरट आयांसाठी तिनं राखून ठेवलेला गोड सूर होता तो. फोन बंद झाला.

रस्त्यावर गाड्या थांबेनात. ती मधेच घुसली, एकानं काच खाली करून काहीतरी सुनावलं. डोक्यात एकच चित्र होतं आणि ते काही केल्या जाईना. तिच्या टाकीतले दोरे. पाण्यात सोडला की दोरा आधी आळसावल्यासारखा तरंगतो, मग एका ठिकाणी त्याची मान वळते, आणि मग तो सरळ होतो, ताठ, एका टोकानं ओढल्यासारखा. तोंडाशी जाऊन बसला की निघत नाही. काढायचा तर पंप बंद करावा लागतो. टिल्लीची वेणी तिनं स्वतःच्या हातानं घट्ट घातली होती.

तलावाच्या दारात पोहोचली तेव्हा आतून सरांचा आवाज आला.

"शिट्टी वाजल्याशिवाय कुणी बुडी मारायची नाही. काय?"

"नाही," मुलं एका सुरात ओरडली.

आठ मुलं कमरेएवढ्या पाण्यात रांगेत उभी होती. रिंगा आधीच टाकून झाल्या होत्या. लाल, पिवळ्या, हिरव्या, सगळ्या तळावरून त्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. रांगेत सगळ्यात टोकाला, कोपऱ्याला सगळ्यात जवळ, टिल्ली. वेणी पाठीवर ओली होऊन चिकटलेली. शिट्टी सरांच्या ओठांत.

"सर, थांबा."

सरांनी शिट्टी काढली नाही, नुसता हात केला, आलोच असा. मुलं माना वळवून बघायला लागली.

"अगं, झाली मुलाखत?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "एवढ्यात?"

"सर, मुलांना वर काढा."

"ताई, एक डाव होऊ दे," शिट्टी बाजूला करून सर म्हणाले, "तोंडं बघा कशी झालीत त्यांची. मग बोलू आपण सविस्तर." आणि शिट्टी पुन्हा ओठांत.

त्यांना पटवायला वेळ लागला असता आणि वेळ नव्हता. ती बूट घालूनच पायऱ्या उतरली. पहिल्या पायरीवर पाणी घोट्याशी आलं, दुसरीवर पोटऱ्यांशी. गार पाणी पँटमध्ये शिरलं तसा तिचा श्वास अडकला. तिसऱ्या पायरीनंतर कठडा संपला. आयुष्यात ती कठडा सोडून पाण्यात कधी उभी राहिली नव्हती. तरी पाय पुढे पडत गेले. मुलांच्या आणि त्या कोपऱ्याच्या मधे जाऊन ती दोन्ही हात पसरून उभी राहिली.

एक मुलगा खो खो हसला. "काकू बुटांसकट आल्या."

"आई," टिल्ली दातओठ खाऊन, अगदी हळू म्हणाली, "सगळे बघतायत."

"बघू देत. पायऱ्यांकडे चल. सगळे चला."

शिट्टी वाजली नाही. सरांचा चेहरा पहिल्यांदाच हसरा नव्हता. त्यांनी टाळ्या वाजवून मुलांना काठावर बोलावलं. मुलं कुरकुरत वर चढली. शेवटचं मूल वर गेल्यावर तीही कठडा धरधरून पायरीपाशी आली. 

"आता सांगा," सर म्हणाले. सगळ्यांदेखत शोभा झाली म्हणून आवाज घट्ट झाला होता. "काय झालंय?"

"जाळीचं झाकण निघालंय."

"नाही निघालेलं."

"मग खळी कशी पडेल? एवढ्या पाण्याखाली, जाळी जागेवर असताना पडत नाही. मी मोजलंय."

सरांनी चष्मा लावला, एका दमात पोहत कोपऱ्यात गेले, कडेनं हात घालून खाली गेले. बाकावर सासूबाई, काठावर टॉवेलात गुंडाळलेली आठ मुलं, सगळे तिकडेच बघत होते. याच वेळी दारात बुटांचा आवाज झाला. विभागप्रमुख आणि त्यांच्यामागून तज्ज्ञ आत येत होते. विभागप्रमुख धापा टाकत होते. तज्ज्ञांनी आत येताच पाण्याकडे बघितलं, माणसांकडे नाही.

सर वर आले. चष्मा कपाळावर सरकवला.

"झाकण जागेवर आहे. चारही स्क्रू घट्ट आहेत. हलवून बघितलं, तसूभर हलत नाही."

कुणीतरी मूल हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. तिच्या कानशिलांपाशी ऊन ऊन झालं. पँटमधून पाणी गळून पायाशी थारोळं साचत होतं. सासूबाई टॉवेल घेऊन आल्या आणि तिच्या खांद्यावर टाकला. 

"म्हणजे मर्यादा चुकली," तज्ज्ञ म्हणाले. टोमणा नव्हता. वर खोलीत होता तोच कोरडा सूर.

चुकली असेल. तिला खरंच वाटलं, चुकली असेल. इतक्या वर्षांची टाकी, शाई, दोरे. आणि बाहेरच्या पहिल्याच पाण्यात चुकली. बरं झालं चुकली, असंही वाटून गेलं, टिल्ली काठावर उभी होती, बिस्किट खात होती, एवढं पुरे. आता माफी मागायची आणि घरी जायचं.

पण निळा तुकडा अजून फिरतच होता.

ती तुकड्याकडे बघत राहिली. पाणी तेवढंच आहे, तिनं मनाशी म्हटलं. तोंड तेवढंच आहे, जाळीसकट. तिसरं काय उरलं?

"याला अजून एक तोंड असेल," ती म्हणाली. "अशा तलावाला दोन असतात. पंप दोन्हींतून अर्धं अर्धं ओढतो. दुसरं कुठे आहे?"

"त्या तिकडे, पायऱ्यांच्या बाजूला," सर म्हणाले. "का?"

तेवढ्यात पंपवाला आला. हातात कागदी कप, एवढी माणसं बघून बावरलेला. "मला कुणी बोलावलं का? ऑफिसातनं निरोप आला."

"पायऱ्यांकडचं तोंड चालू आहे का हो?" तिनं विचारलं.

"ते होय? ते मी बंद केलंय. व्हॉल्व्ह गळत होता, खाली नुसता चिखल. दुरुस्तीवाला येतो म्हणाला, आलाच नाही अजून."

"आणि पंप?"

"पंप फुल. कमी केला की पाणी हिरवं पडतं, मग मलाच बोलणी."

"म्हणजे सगळं त्या एका जाळीतून."

"हो, मग," पंपवाला म्हणाला. आणि तिच्या तोंडाकडे बघता बघता त्याचा कप तोंडाकडे जायचा थांबला.

तज्ज्ञांनी हातातली छत्री भिंतीला टेकवली. "दुप्पट," ते स्वतःशीच म्हणाले.

"सर," ती शिकवणाऱ्या सरांना म्हणाली, आणि आता तिचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला. "तुम्ही झाकण कडेला धरून हलवलंत. मधोमध हात ठेवू नका. हा टॉवेल घ्या. एक टोक हातात धरा आणि दुसरं नुसतं जाळीवरून फिरवा. पाय लांब ठेवा."

तिनं खांद्यावरचा टॉवेल काढून दिला. सर तो घेऊन निघाले. पाण्यात टॉवेल त्यांच्यामागून सुस्त तरंगत गेला, मग जाळीपाशी त्याचं टोक वळलं. ते वळणं तिला ओळखीचं होतं. तिनं टिल्लीचा हात शोधला आणि धरला.

टॉवेल जाळीवर बसला. वरून दिसलं ते एवढंच, पांढरा कपडा होता आणि क्षणात चौकोनी, चपटा, तळाला खिळल्यासारखा झाला. खळी नाहीशी झाली. सरांनी ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग बाजूच्या भिंतीला पाय लावून ओढलं, पाठीचे स्नायू पाण्यातून दिसत होते. ते वर आले, श्वास घेतला, पुन्हा खाली गेले, पुन्हा ओढलं. टॉवेल हलला नाही.

एका मुलानं विचारलं, "सरांना पण निघत नाही?"

"पंप बंद करा," तज्ज्ञ पंपवाल्याला म्हणाले. तो आधीच पळत सुटला होता. कप काठावर तसाच राहिला.

भिंतीपलीकडची घरघर बंद झाली तेव्हा लक्षात आलं की ती इतका वेळ चालू होती. पाणी दोन-तीन वेळा हललं आणि सपाट झालं. टॉवेलचं एक टोक सुटलं, मग दुसरं, आणि तो डुलत डुलत आपोआप वर आला. त्याच्यामागे रिंगाही एकमेकींपासून सुट्या झाल्या.

सर काठ धरून पाण्यातच थांबले. बाहेर आले नाहीत. मान खाली होती. म्हणाले, "मोठी बॅच आज आलीच नव्हती, ताई. सुट्टी दिली होती मीच. रोज सुटते म्हणून बोलून गेलो." आणि मग, "मी रोज टाकतो इथे रिंगा."

"उताराचं तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "उतारही आहेच."

सासूबाईंनी पिशवीतून दुसरा टॉवेल काढला. या वेळी तो खांद्यावर टाकला नाही, स्वतःच्या हातानं तिचे ओले हात पुसायला घेतले. "बुटांची माती झाली की गं," त्या म्हणाल्या.

विभागप्रमुख खाकरले. "मॅडम, झालं ते फार... म्हणजे योग्यच झालं. पण मुलाखत अर्धी राहिलीय. नियमाप्रमाणे एकदा उमेदवार उठला, की..."

"उमेदवार समोर आहे," तज्ज्ञ म्हणाले. "आपण दोघं आहोत. कागदवाल्या बाईंना वरून बोलवा. मला एकच प्रश्न उरलाय, तो इथे विचारतो." ते तिच्याकडे वळले. "खळी कुठल्या बाजूला फिरत होती? डावीकडून की उजवीकडून?"

तिनं तोंड उघडलं. कोपऱ्याकडे बघितलं. पाणी काचेसारखं होतं, निळा तुकडा वाट चुकल्यासारखा मधोमध येऊन थांबला होता. वेणी घालताना बघितला होता, दारातून बघितला होता, पाण्यात उतरून हातभर अंतरावरून बघितला होता. बाकी सगळं आठवत होतं. रिंगांचे रंग, सरांच्या ओठांतली शिट्टी, कोरडा काठ. एवढं मात्र आठवेना.

"नाही बघितलं," ती म्हणाली. "विद्यार्थ्यांना पहिलं तेच बघायला सांगते. पण नाही बघितलं मी."

तज्ज्ञांनी भिंतीला टेकवलेली छत्री उचलली. "माझ्या बाजूनं मुलाखत झाली," ते विभागप्रमुखांना म्हणाले. "लिहून देतो मी. टाकी मात्र मोडीत काढू नका, आता तिच्यात दोन तोंडं बसवावी लागतील." दारापर्यंत जाऊन त्यांनी एकदा पाण्याकडे वळून पाहिलं आणि गेले.

ती बाकावर बसली. टिल्ली तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे येऊन पाठमोरी उभी राहिली, रोजच्यासारखी. तिनं रबर काढलं. वेणी ओली होती, पेड एकमेकांत घट्ट रुतले होते, सुटता सुटत नव्हते.

"आई, ओढतेयस," टिल्ली म्हणाली.

"हो," ती म्हणाली, आणि खालच्या टोकापासून एकेक पेड सोडवायला लागली.